ताप, थंडी आणि थांबलेले हृदय
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत झालेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत शाळामास्तर बोलायला उभा राहिला, की तो आता शिक्षणाचे महत्त्व सांगणार हे सगळे गृहीत धरूनच बसतात. आज तेवढ्यापुरती तुमची सुटका आहे. विश्वस्तांनी मला दोन महिन्यांपूर्वी एक काम सांगितले होते. आपल्या एका सभासदांनी मरहूम वडिलांच्या स्मरणार्थ मोठी रक्कम ट्रस्टकडे देऊ केली आहे आणि तिच्यातून येथील इस्पितळाला एक यंत्र द्यावे अशी त्यांची इच्छा आहे. ज्याचे हृदय बंद पडून पुन्हा चालू झाले आहे, पण जो शुद्धीवर आलेला नाही, अशा रोग्याचे अंग गार करून ठराविक उष्णतामानावर राखणारे हे यंत्र. तुम्ही विज्ञान शिकवता, तेव्हा या यंत्राबद्दल वाचून आम्हाला समजेल अशा भाषेत सांगा, असे विश्वस्त म्हणाले.

मी काम पत्करले. पण पत्करताना माझ्या मनात चोर होता. या यंत्राची कीर्ती आपल्या वस्तीत पसरवली ती मीच.

तुमच्यापैकी बहुतेकांनी ती हकीकत माझ्या तोंडून ऐकली आहे. लग्नात ऐकली असेल, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ऐकली असेल, याच सभागृहात एकदा ऐकली आहे. २०१२ साली माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही भाईजान म्हणतो, निपाणीच्या बसस्थानकावर उभ्या उभ्या कोसळले. वय पंचेचाळीस. नाडी नाही, श्वास नाही. जवळच्या इस्पितळात विजेचा धक्का देऊन त्यांचे हृदय चालू केले, पण शुद्ध आली नाही. तेव्हा त्यांना मोठ्या शहरात हलवले. तेथे डॉक्टरांनी सांगितले की आम्ही यांचे अंग चोवीस तास तेहतीस अंशांवर ठेवणार आहोत. सेल्सियसचे तेहतीस, म्हणजे आपल्या घरच्या तापमापकाचे सुमारे साडेएक्क्याण्णव. निरोगी माणसाचे असते साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास.

अम्मा माझ्याबरोबर होत्या. आपल्या भाषेत ‘अंग गार पडले’ याचा अर्थ काय होतो हे मी तुम्हाला सांगायला नको. माणूस गेला की आपण पहिल्यांदा तळपायाला हात लावून बघतो. आणि येथे परत आलेल्या मुलाला मुद्दाम गार करीत होते! अम्मांनी घरून वाकळ आणली होती. ती त्यांनी भाईजानांच्या अंगावर घातली, नर्सबाईंनी काढली. त्यांनी पुन्हा घातली, बाईंनी पुन्हा काढली. शेवटी त्या बाईंनी अम्मांचा हात धरून भाईजानांच्या हातावर ठेवला. अंगाभोवती गार पाणी खेळवलेल्या गाद्या होत्या, पण पंजे मात्र गरम कपड्यात गुंडाळलेले होते. अम्मा म्हणाल्या, “हात ऊन आहेत, तर मग असू दे.” पंजे गरम का ठेवतात ते पुढे सांगतो. पाचव्या दिवशी भाईजानांनी डोळे उघडले. आज ते तुमच्यासमोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत आणि मी पुन्हा तीच गोष्ट सांगतो आहे म्हणून वैतागले आहेत.

ही हकीकत मी बारा वर्षे सांगत आलो आणि शेवटी नेहमी म्हणत आलो की थंडीने माझा भाऊ वाचवला. आता विश्वस्तांच्या कामासाठी नीट वाचल्यावर असे दिसते की हे वाक्य मला म्हणता येत नाही. ते का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

प्रथम एक घोटाळा दूर करू. हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे या दोन गोष्टी आहेत. झटक्यात हृदयाच्या एखाद्या रक्तवाहिनीत अडथळा येतो. छातीत कळ येते, घाम सुटतो, पण बहुधा माणूस बोलत असतो आणि हृदय चालू असते. हृदय बंद पडते तेव्हा रक्त ढकलणेच थांबते. झटक्यातून हे होऊ शकते, अन्य कारणांनीही होते. माणूस दहा-पंधरा सेकंदांत बेशुद्ध होतो, कारण मेंदूजवळ प्राणवायूची साठवण जवळजवळ नसते. वजनाने मेंदू शरीराचा पन्नासावा भाग, पण प्राणवायूचा पाचवा हिस्सा एकटा खातो. असा खर्चिक गृहस्थ घरात असला की उत्पन्न थांबताच पहिली उपासमार त्याचीच होते. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा सुरू होते.

दुसरी गोष्ट जास्त चमत्कारिक आहे. हृदय पुन्हा चालू झाले, रक्त पुन्हा वाहू लागले, की नुकसान थांबत नाही. एक प्रकारचे नुकसान तेव्हाच सुरू होते. आपल्या बाजूच्या ऊसवाल्यांना हे लगेच पटेल. कोरड्या पडलेल्या पाटात एकदम पाणी सोडले की भेगाळलेला बांध फुटतो. तसेच उपाशी पेशींत रक्त परतले की त्यांच्या आतली रसायने बिघडतात, मेंदूला सूज येऊ लागते, आणि हा खेळ तास-दोन तास नव्हे तर कित्येक दिवस चालतो. त्यात बहुतेकदा ताप येतो. उष्णतामान एका अंशाने उतरले तर मेंदूचा प्राणवायूचा खर्च शेकडा सहा-सात उतरतो. चढले तर खर्चही चढतो. म्हणून विचार असा, की बांध दुरुस्त होईपर्यंत खर्च कमी करू. विचारात खोट नाही. मीही मुलांना फळ्यावर हे इतक्या वेळा समजावले आहे की मला ते सिद्धच झाल्यासारखे वाटत होते.

थंडीचा उपयोग ही काही आजची कल्पना नव्हे. नेपोलियनचा शस्त्रवैद्य लारे १८१२ साली रशियाच्या मोहिमेवर होता. शेकोटीजवळ निजवलेले जखमी सैनिक दूर थंडीत पडलेल्यांपेक्षा लवकर दगावतात, असे त्याला आढळल्याचे सांगतात. टोरांटोच्या बिगेलो यांनी १९५० च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले की शरीर पुरेसे गार केले तर हृदयातले रक्त थोडा वेळ थांबवता येते. २ सप्टेंबर १९५२ रोजी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला सुमारे अठ्ठावीस अंशांपर्यंत गार केले आणि तिच्या हृदयाच्या पडद्यातले भोक साडेपाच मिनिटांत शिवले. हृदय उघडून आतली दुरुस्ती डोळ्यांनी पाहत केलेली ती पहिली यशस्वी शस्त्रक्रिया. ही खरी मर्दुमकी, आणि ती थंडीच्या जोरावरची. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की त्या मुलीला हृदय थांबवण्याच्या *आधी* गार केले होते.

नॉर्वेतल्या एका तरुण डॉक्टर बाईंची गोष्ट तुमच्यापैकी काही जणांनी वाचली असेल. आना बोगेनहोल्म हे त्यांचे नाव. १९९९ च्या मे महिन्यात त्या बर्फावरून घसरून ओढ्याच्या गोठलेल्या पाण्याखाली अडकल्या, ऐंशी मिनिटे पाण्यात होत्या, अंगाचे उष्णतामान १३.७ अंशांपर्यंत उतरले, आणि तरी वाचल्या. ही गोष्ट खरी आहे. मीही ती वर्गात सांगतो. पण त्यांनाही हवेच्या एका पोकळीमुळे सुमारे चाळीस मिनिटे श्वास मिळाला होता आणि शरीर आधी गार पडून मग हृदय थांबले होते. आपल्या घरी माणूस कोसळतो तो साडेअठ्ठ्याण्णव डिग्रीच्या अंगाने कोसळतो. आधी विसावा मिळालेल्याची आणि अकस्मात लुटला गेलेल्याची तुलना करून चालणार नाही.

हृदय थांबल्यानंतर गार करण्याचा उपचार अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स इस्पितळातून १९५८ साली चार रोग्यांच्या अनुभवासह प्रसिद्ध झाला. पुढे तो मागे पडला. शरीर फार गार केले की हृदयाचे ठोके बिघडत, रक्त साकळण्याची शक्ती कमी होई, फुप्फुसांत जंतू शिरत. आणि त्याच इस्पितळातून १९६० साली दुसरी एक गोष्ट बाहेर आली, जिचा थंडीशी काहीच संबंध नव्हता. कौवेनहोवेन व निकरबॉकर हे दोन विद्युत अभियंते आणि ज्यूड हे डॉक्टर, या तिघांनी दाखवले की छाती न उघडता, नुसत्या दोन हातांनी छातीच्या मधल्या हाडावर लयीत दाब दिला तर थांबलेल्या हृदयातूनही थोडे रक्त मेंदूकडे जाते. यंत्र नको, सुरी नको. ही गोष्ट बाजूला ठेवतो. तिच्याकडे परत यायचे आहे.

थंडीचा उपचार पुन्हा उजेडात आला तो २००२ साली. या वेळी गारवा सौम्य होता, बत्तीस ते चौतीस अंश. एकाच दिवशी दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. युरोपातल्या अभ्यासात २७५ रोगी होते. गार ठेवलेल्यांपैकी शंभरात पंचावन्न जणांच्या मेंदूचे काम बऱ्यापैकी सावरले, न ठेवलेल्यांत एकोणचाळीस. मेलबर्नच्या अभ्यासात ७७ रोगी. तेथे हेच आकडे एकोणपन्नास आणि सव्वीस. जगभर आनंद झाला. आजवर ज्या रोगात वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नव्हते, त्यात उपाय सापडला होता. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने त्याची शिफारस केली. भाईजानांवर २०१२ साली उपचार झाले ते या शिफारशीप्रमाणेच, आणि त्या डॉक्टरांनी तेव्हाच्या ज्ञानाला धरून सर्वोत्तम तेच केले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

हा उपचार पाहायला सोपा वाटतो, पण करायला फार नाजूक आहे. ते मी स्वतः पाहिले, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. शरीर गार होऊ लागले की ते प्रतिकार करते, म्हणजे कुडकुडते. कुडकुडणे ही स्नायूंची मजुरी आहे. तिने उष्णता उत्पन्न होते आणि प्राणवायू खर्च होतो. म्हणजे ज्यासाठी खटाटोप करायचा तेच वाया. म्हणून गुंगीचे औषध देतात, कधी स्नायू सैल करण्याचे औषध देतात, आणि तळहात, चेहरा गरम ठेवतात. कातडीकडून ‘ऊब आहे’ अशी वर्दी गेली की मेंदू कुडकुडण्याचा हुकूम जरा उशिराने काढतो. नर्सबाईंनी भाईजानांचे हात गुंडाळले होते ते यासाठी. उष्णतामान काखेत मोजत नाहीत, कारण कातडी गार असताना काख खोटे सांगते. मूत्राशयात किंवा अन्ननलिकेत बारीक तार घालून आतले मोजतात. पुन्हा ऊब आणायची तीही घाईने नाही. तासाला पाव अंश. तेहतीसपासून सदतीसपर्यंत चार अंश, म्हणजे सोळा तास. हे गणित मी त्या रात्री बाकावर बसून पुन्हा पुन्हा केले. घाई केली तर रक्तातले क्षार एकदम बदलतात आणि हृदय पुन्हा बिघडू शकते. या सगळ्या वेळात रात्रंदिवस खाटेशी एक जाणते माणूस लागते.

आता जे मी बारा वर्षांत वाचले नव्हते ते.

२०१३ साली स्वीडनचे निक्लास निल्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ९३९ रोगी. निम्म्यांना तेहतीस अंशांवर ठेवले, निम्म्यांना छत्तीसवर. मृत्यू आणि मेंदूची अवस्था, दोहोंत फरक नाही. लोक म्हणाले, छत्तीस हाही गारवाच. तेव्हा याच मंडळींनी २०२१ साली त्याच्या दुप्पट, सुमारे साडेअठराशे रोग्यांचा अभ्यास पुरा केला. एका गटाला तेहतीस अंशांवर आणले. दुसऱ्याला गार केलेच नाही, फक्त ताप येऊ दिला नाही, चढू लागला की तेथेच उतरवला. सहा महिन्यांनी पाहिले तर गार गटात शंभरात पन्नास दगावले होते, दुसऱ्यात अठ्ठेचाळीस. म्हणजे फरक नाही. उलट ठोके गंभीरपणे बिघडण्याचे प्रमाण गार गटात चोवीस आणि दुसऱ्यात सतरा होते.

मग २००२ चे आकडे खोटे होते काय? खोटे नव्हते. रोगी थोडे होते हे एक. शिवाय तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या गटात तापाला काटेकोरपणे आवर घातलेला नव्हता. म्हणून असा अर्थ लावता येतो की त्या वेळी जी थंडीची करामत वाटली, तिच्यातला बराच भाग ताप न येण्याचा होता. हा अर्थ सर्वांना मान्य आहे असे मी म्हणत नाही. फ्रान्समध्ये २०१९ साली दुसऱ्या प्रकारच्या रोग्यांवर, म्हणजे ज्यांचे हृदय विजेच्या धक्क्याने चालू होण्याजोगे नव्हते अशांवर अभ्यास झाला. तेथे तेहतीस अंशांचा थोडा गुण दिसला, शंभरात दहा जण चांगले सावरले, तर गार न केलेल्यांत सहापेक्षा कमी. युरोपच्या तज्ज्ञांनी २०२२ साली सांगितले की शुद्धीवर न आलेल्या रोग्याचे उष्णतामान सतत मोजा आणि किमान बहात्तर तास ते ३७.७ अंशांच्या वर, म्हणजे सुमारे शंभर डिग्रीच्या वर, जाऊ देऊ नका. अमेरिकेतल्या मंडळींनी २०२३ साली बत्तीस ते साडेसदतीस यांमधला कोणताही एक अंश निवडून तो राखण्याची मोकळीक दिली. वाद पुरता मिटलेला नाही. पण ‘जितके गार तितके बरे’ ही माझी आवडती समजूत त्यात टिकत नाही.

रुग्णवाहिकेतच बर्फासारखे सलाइन द्यावे, अशीही एक सूचना आपल्याकडे आली होती. सिॲटलमध्ये हा प्रयोग १३५९ रोग्यांवर झाला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. फायदा दिसला नाही; वाटेत हृदय पुन्हा थांबण्याचे प्रमाण वाढले. ती सूचना आपण सोडून द्यावी.

आणखी एक अभ्यास सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण तो आपल्या घरचा आहे. जन्मताना गुदमरलेल्या बाळांना बहात्तर तास गार ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत गुणकारी ठरला होता. तो भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथल्या सात मोठ्या इस्पितळांत ४०८ बाळांवर तपासून पाहिला. २०२१ साली निकाल आला. गार ठेवलेल्या बाळांत शंभरात बेचाळीस दगावली, न ठेवलेल्यांत एकतीस. हे रोगी निराळे, रोगही निराळा, त्यामुळे मोठ्या माणसांना हा निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही. पण तिकडे गुण आला म्हणजे इकडे येणारच, असे समजून पैसे खर्च करू नयेत एवढे त्यावरून नक्की कळते.

आता ज्यांनी ही रक्कम देऊ केली आहे त्यांच्याशी मला बोलायचे आहे. ते पहिल्या रांगेत आहेत. मी त्यांच्या वडिलांना चाचा म्हणत असे. कालच त्यांच्या घरी जाऊन, हे सभेत बोलू का, असे मी त्यांना विचारले आणि त्यांनी परवानगी दिली.

तीन वर्षांपूर्वी चाचा पहाटे वजू करताना पडले. इस्पितळात त्यांचे हृदय चालू झाले, चार दिवस ते राहिले आणि गेले. शीतोपचाराचे यंत्र आमच्याकडे नाही, असे तेथे कोणीतरी बोलले. आणि यंत्राने माणूस वाचतो हे तर माझ्या तोंडून सगळ्यांनी ऐकलेच होते. तेव्हापासून या मुलाच्या मनात बसले आहे की यंत्र असते तर वडील वाचले असते. मोठ्या शहरात नेले नाही ही आपली चूक झाली. भाई, एका रोग्याबद्दल मी काय, कोणताच डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण हजारो रोग्यांचा हिशोब पाहता, यंत्र नव्हते म्हणून चाचा गेले असे म्हणायला आधार नाही. ती बोच मी तुमच्या मनात रोवली होती. ती काढून घ्यायला मी आज उभा आहे.

मात्र यंत्राचा दोष काढला की माणूस दुसरीकडे दोष शोधू लागतो, बहुधा स्वतःकडे, याची मला धास्ती आहे. म्हणून उरलेलेही सांगतो. चाचा पडले तेव्हा हाक ऐकून पहिला धावत गेलो तो मी. माझे घर दोन दारे सोडून. चाचा आचके देत होते. मला वाटले श्वास चालू आहे. हृदय थांबल्यावरही काही मिनिटे असे आचके येतात, तो श्वास नव्हे, हे मला ठाऊक नव्हते. मी गाडी आणायला पळालो. गाडी मिळून इस्पितळ गाठेपर्यंत वीस मिनिटे गेली आणि तेवढ्या वेळात गल्लीतल्या आम्हा पंधरा-वीस जणांपैकी एकानेही त्यांच्या छातीवर हात ठेवला नाही. विज्ञानाचा पदवीधर, बी.एड. झालेला मास्तर, ज्याने बारा वर्षे भावाची गोष्ट सांगितली, त्याला हात नेमके कोठे ठेवायचे तेच माहीत नव्हते.

कारण माझ्या गोष्टीतून एक माणूस गळला होता. निपाणीच्या स्थानकावर भाईजान पडले तेव्हा एका बसच्या कंडक्टरने खाली बसून त्यांची छाती दाबायला सुरुवात केली आणि जीप मिळेपर्यंत, जीपमध्येही, थांबला नाही. त्याने प्रथमोपचाराचा वर्ग केला होता म्हणे. आम्ही मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांना पेढे दिले, यंत्राचे कौतुक करणारे पत्र लिहिले. त्या कंडक्टरचे नावसुद्धा आम्ही विचारले नाही. भाईजान का वाचले, याचे एकच उत्तर द्यायचे झाले तर ते त्या जीपमध्ये आहे. बाकी सगळ्या अभ्यासांत, थंडी असो वा नसो, एक गोष्ट सारखी दिसते: ज्याची छाती लगेच दाबली गेली आणि ज्याला विजेचा धक्का लवकर मिळाला, त्याला आशा अधिक.

तेव्हा विश्वस्तांनी विचारलेल्या प्रश्नाला माझे उत्तर असे. यंत्र निरुपयोगी नाही. २०२१ च्या अभ्यासात जो गट गार करायचा नव्हता, त्यातल्याही सुमारे निम्म्या रोग्यांचा ताप आवरायला यंत्र लावावे लागले. पण यंत्र चालवायला खाटेशी रात्रंदिवस जाणते माणूस लागते, आणि ते येथे आहे काय हे आधी इस्पितळाला विचारावे. नसेल तर यंत्र कपाटात राहील आणि वर नावाची पाटी चकाकत राहील. २००२ साली मेलबर्नच्या डॉक्टरांनी बर्फाच्या पिशव्याच वापरल्या होत्या. आतले उष्णतामान मोजण्याची साधने आणि ती पाहणाऱ्या परिचारिका, हा खर्च लहान आहे आणि तो आधी करावा.

घरच्या माणसांनाही दोन गोष्टी सांगतो. असा रोगी अतिदक्षता विभागात असला तर वाकळ घालण्याआधी नर्सबाईंना विचारा. आणि तिसऱ्या दिवसाच्या आत ‘आता आशा नाही’ असे कोणी मेंदूकडे पाहून म्हणाले तर नम्रपणे विचारा की बहात्तर तास झाले का, गुंगीची औषधे अंगातून उतरली का. गार ठेवलेल्या शरीरातून औषध सावकाश उतरते. झोपलेला आणि हरवलेला यांत तेव्हा फरक करता येत नाही. शंभरातले निम्मे वाचत नाहीत हेही खरे आहे, ते मी लपवत नाही. फक्त निकाल वेळेआधी लागू नये.

उरलेल्या रकमेबद्दल काल आमचे बोलणे झाले. चाचांच्या नावाने याच सभागृहात दर रविवारी छाती दाबण्याचे शिक्षण द्यावे, असे त्यांनीच सुचवले. मी गेल्या महिन्यात ते शिकून आलो आहे. माणूस हलवून जागा होत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढे दिसले की १०८ ला फोन लावायचा आणि सुरू करायचे. छातीच्या मधोमध तळव्याची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपर ताठ. दोन इंच खाली, पुरते वर येऊ द्यायचे, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. बरगडी मोडेल अशी भीती वाटते. मोडली तर सांधते. दोन मिनिटांत दणकट माणसाचेही हात भरून येतात, म्हणून प्रत्येक गल्लीत एकाने नव्हे, चार-पाच जणांनी शिकले पाहिजे. बायकांनीही, कारण पुरुषमंडळी दिवसभर घरी नसतात. सरावासाठी रबरी पुतळा लागतो. तो एका प्रशिक्षण केंद्राने महिनाभर उसना देण्याचे कबूल केले आहे आणि मी तो शनिवारी संध्याकाळी घेऊन येणार आहे. सभागृहाची किल्ली त्या वेळी कोणाकडे असते तेवढे मला सभा संपल्यावर कोणीतरी सांगावे.